नवा मेंढा आणला तरी कोकरं मरायलेत? कळपातलं नात्यातलं भरवणं थांबवायचा क्रम

"मेंढा बदलला, पैसे घातले, तरी फरक पडला नाही." भूम-परांड्यापासून मुखेड-कंधारपर्यंत कुठल्याबी वाड्यावर जा, हे वाक्य ऐकायला मिळतंच. नीट विचारलं की कळतं की मेंढा बदललेलाच नसतो, नवीन आणलेला असतो एवढंच. जुना एडका तसाच कळपात, त्याची ईदला विकायची म्हणून ठेवलेली सात-आठ महिन्यांची पोरं तशीच कळपात, आणि नवीन आलेला बिचारा परक्या रानात कडंला उभा. मग मेंढ्या कुणी भरवल्या हे देवालाच माहीत, आणि नाव मात्र नव्या मेंढ्याचं खराब होतं.

म्हणून हा लेख क्रमानं लिहिलाय. यातलं एकेक काम बहुतेकांना माहीत असतं, चुकतो तो क्रम. आधी काय करायचं आणि मेंढा कधी आणायचा हे उलटं झालं की पूर्ण हंगाम जातो.

आधी थोडक्यात, नेमकं बिघडतं काय

प्रत्येक जनावरात प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. खराब प्रत बहुतेक वेळा दबून असते कारण दुसरी चांगली असते. पण आई आणि बाप दोघांत एकाच मेंढ्याचं रक्त असलं की तीच खराब प्रत दोन्हीकडून येते आणि मग दबायला जागा राहत नाही. बाप-लेक किंवा सख्खे भाऊ-बहीण यांचं कोकरू म्हणजे २५ टक्के इनब्रीडिंग (नात्यातली पैदास किती जवळची त्याचं माप), एका बापाची सावत्र भावंडं किंवा आजोबा-नात म्हणजे १२.५ टक्के, चुलत-मावस भावंडं म्हणजे ६.२५ टक्के.

याचा मार पहिल्यांदा पैदाशीवर पडतो. उंची, रंग हे सगळं दिसायला बरं असतं, म्हणून माणूस फसतो. आतून मात्र मेंढ्या उलटायला लागतात (गर्भ लहान असतानाच जिरतो, आपल्याला वाटतं भरलीच नव्हती), जुळी कमी होतात, कोकरू बारीक जन्मतं, उभं राहायला वेळ लावतं, जंताला लवकर बळी पडतं. मेंढ्यांवरच्या परदेशातल्या जुन्या अभ्यासांत दर १ टक्का इनब्रीडिंगमागं दूध तोडतानाचं वजन साधारण १०० ग्रॅमनं घटलेलं दिसलंय. आपल्या दख्खनी जातीच्या मेंढीला तोच आकडा चिकटवायचा नाही, पण दिशा तीच. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: आई स्वतः नात्यातली पैदास असली तर तिचा वेगळा तोटा असतो, दूध कमी, कोकराकडं लक्ष कमी. हे खाली परत लागणार आहे.

आता आपल्या कळपाचा हिशोब बघा. ४० मेंढ्या आणि १ मेंढा, बाहेरून काहीच आणलं नाही, तर इनब्रीडिंग एका पिढीला सरासरी साधारण १२ ते १३ टक्क्यांनी वाढतं. ४१ जनावरं दिसतात पण पैदाशीच्या हिशोबात तो कळप ४ जनावरांएवढाच आहे! २ मेंढे ठेवले तर वाढ साडेसहा टक्क्यांवर येते, ४ ठेवले तर साडेतीनच्या आत. जाणकार पिढीला १ टक्क्याच्या आत ठेवा म्हणतात. म्हणजे ४० मेंढ्यांवाल्याला हे एकट्यानं घरच्या घरी जमणारंच नाही, बाहेरचा मेंढा लागणारच. मेंढ्या वाढवून उपयोग नाही, गणित नरांच्या संख्येवर अडतं.

टप्पा १: दुखणं नात्याचंच आहे का ते आधी बघा

कोकरं मरायलीत म्हणजे इनब्रीडिंगच असं नाही. मेंढा बदलायच्या आधी हे तीन फरक करा.

एकाच पंधरवड्यात पटापट मेंढ्या गाभडल्या, तेबी शेवटच्या दोन महिन्यांत, तर ते रोगाचं लक्षण, ब्रुसेलाची शंका घ्यायची आणि डॉक्टरला बोलवून रक्त तपासायचं. (पडलेला गर्भ, वार उघड्या हातानं उचलू नका, हा रोग माणसाला लागतो.)

झाडून सगळ्या मेंढ्या १७-१८ दिवसांनी परत माजावर आल्या तर दोष मेंढ्याचा. त्याला ताप येऊन गेला असंल, नीलजिव्हा झाली असंल, किंवा मे महिन्याच्या उन्हात तापला असंल.

पण दरसाल थोडं-थोडं वाईट होत चाललंय, एकाच तऱ्हेची खोड परत परत दिसते, जसं खालचा जबडा आखूड, पापणी आत वळलेली, एकच अंड उतरलेलं, गुदद्वारच नसलेलं कोकरू, तर नात्याकडं बघायचं.

सगळ्यात सोपी तपासणी मी सांगतो. तुमच्या कळपात काही मेंढ्या बाजारातून आणलेल्या असतात आणि काही घरच्या जन्मलेल्या. एकाच मेंढ्यापासून, एकाच चराईवर, दोघींची कोकरं बाजूबाजूला धरा. विकतच्या मेंढीचं कोकरू टणाटण उड्या मारतंय आणि घरच्या मेंढीचं मान खाली घालून उभंय, असं पाच-सहा जोड्यांत दिसलं तर आणखी पुरावा कशाला पाहिजे.

तपासा: तुलना सारख्या वेताच्या मेंढ्यांत करा. पहिलारूचं कोकरू तसंबी बारीकच असतं, त्याचा दोष नात्यावर ढकलू नका.

टप्पा २: खूण आणि वही

बाप कोण हे माहीत नसलं तर पुढचं सगळं अंदाजपंचे. आपण सोयरीक जमवताना आधी देवक विचारतो आणि मेंढा घेताना मात्र दात बघून पैसे मोजतो.

कानातला बिल्ला चांगला, पण बाभळीच्या रानात फिरणाऱ्या कळपात तो फाटून जातो, म्हणून जोडीला कानाला छोटी खाच ठेवा. नियम एकदम सोपा: या मेंढ्याच्या लेकी म्हणजे उजव्या कानाला खाच, पुढच्या मेंढ्याच्या लेकी म्हणजे डाव्या कानाला, तिसऱ्याच्या दोन्ही कानांना. वाचता न येणारा माणूससुद्धा लांबून सांगंल की ही कुणाची लेक. खाच जन्मल्यापासून आठवड्याच्या आत मारा, ब्लेड उकळून घ्या, वर टिंक्चर लावा, पावसाळ्यात माशी बसून किडे पडतात तेवढं सांभाळा.

सावधान: ईदला विकायच्या नरांच्या कानाला हात लावू नका. कान कापलेलं जनावर कुर्बानीला घेताना गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि भाव पाडतं. खाच फक्त पैदाशीला ठेवायच्या माद्यांना.

वहीत (नाहीतर मोबाईलमध्ये) फार काही लिहायचं नाही: आईचा नंबर, बापाचं नाव, व्यायल्याची तारीख, एक का जुळं, नर का मादी, जगलं का मेलं, काही खोड. एवढ्या सात गोष्टी रोजच्या रोज, संध्याकाळी कोकरं आयांना सोडताना. आठवडाभरानं लिहू म्हणलं की कोण कुणाचं ते घरातल्या म्हातारीशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि तीबी कधी कधी चुकते.

टप्पा ३: आधी नर काढा, मेंढा नंतर आणा

हा टप्पा नव्वद टक्के लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळं इथंच फसतं.

नर कोकरू सहा-आठ महिन्यांत भरवायला तयार होतं, चांगल्या खुराकावर त्याच्याबी आधी. ईदला भाव यावा म्हणून ही पोरं वर्षभर कळपात फिरत असतात. दिवसा चरायला गेल्यावर तुमचा मोठा एडका एका माजावरच्या मेंढीमागं अडकलेला असतो तेवढ्यात दुसरीला तिचाच भाऊ भरवून मोकळा. तुम्ही बघितलेलं नसतं म्हणून झालं नाही असं थोडंच आहे.

काय करायचं ते असं. नर कोकरं तीन ते चार महिन्यांची झाली की दूध तोडून वेगळी काढा. ज्यांना लवकर विकायचंय ते विका. ज्यांना ठेवायचंय पण ईदचं गिऱ्हाईक बघायचं नाही ते डॉक्टरकडून चिमट्यानं खच्ची करून घ्या. ईदसाठी खच्ची न करता ठेवायचे असतील तर त्यांचा कळप वेगळा, चराई वेगळी, रातचा वाडाबी वेगळा. माणूसबळ नाही म्हणून वेगळं ठेवणं जमत नाही हे मला माहीत आहे, दोन-तीन घरांनी मिळून नरांचा एक कळप केला आणि पाळीनं एकानं राखला तर जमतं. तेबी होत नसंल तर पोटाखालून फडकं बांधा, जाड कापडाचा तुकडा, दोन बंद पाठीवर, रोज बघायचं सुटलं का, आठ दिवसांनी धुवायचं, नाहीतर आत जखम होते.

जुना एडका? त्याला निरोप द्या. "चांगला आहे, राहू द्या जोडीला" म्हणून ठेवला की तो नव्याला टक्कर मारून मारून हाकलून लावणार, कळपात वट जुन्याचीच असते आणि भरवतोबी तोच. तो खरंच गुणाचा असंल तर लांबच्या गावच्या कळपात द्या. तिथं तो परका आहे, तिथं त्याचं सोनं होईल.

तपासा: नवा मेंढा यायच्या दिवशी कळपात चार महिन्यांवरचा, खच्ची नसलेला, मोकळा एकबी नर नसला पाहिजे. एक जरी असला तरी थांबा.

टप्पा ४: मेंढा कुठून आणि कसा

पहिली अट, तो तुमच्या मेंढ्यांच्या नात्यात नसला पाहिजे. ऐकायला सोपं आहे. पण आपण मेंढा आणतो कुठून, चुलत्याच्या नाहीतर मेहुण्याच्या कळपातून. आणि त्यानं चार वर्षांपूर्वी तुमच्याच कळपातून नेलेल्या एडक्याचा तो नातू असतो. दुसरी गोष्ट, सरकारच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ मेंढा असा गट मिळतो, छान आहे, पण गावातल्या चार जणांचे मेंढे एकाच ठिकाणाहून आलेले असले तर ते भाऊ निघू शकतात. आपसात अदलाबदल करून काही साधत नाही. विचारा, गट कुठून उचलला ते.

मराठवाड्यात शेळी-मेंढी महामंडळाची प्रक्षेत्रं पडेगाव, अंबाजोगाई, तीर्थ आणि मुखेडला आहेत. तिथं कोणत्या जातीचे नर आहेत, मिळतात का, हे आधी जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही. बाजारातून नाहीतर माळेगावच्या यात्रेतून घेणार असाल तर रूपावर भुलू नका, मेंढ्याची आई दाखवा म्हणा. आई दाखवता येत नसंल तर निदान कुठल्या वाड्यातला, तो वाडा कुठल्या रानात फिरतो, एवढं तरी काढा.

अंगावर काय बघायचं: दोन किंवा चार दाती, जबडा वर-खाली बरोबर जुळणारा, पाय सरळ, खुरात सडका वास नाही, डोळे स्वच्छ. मग मागून बसून दोन्ही अंडं हातानं धरून बघा. सारख्या आकाराची, घट्ट, हाताखाली हलणारी, खालच्या टोकाला गाठ नाही. लाजू नका, विकणारा हसला तर हसू द्या, गाठ असलेला मेंढा म्हणजे ब्रुसेलाची शंका. मोठ्या अंडाचा मेंढा घ्या, त्याच्या लेकीबी लवकर माजावर येतात. जुळ्यातला मिळाला तर आणखी बरं.

किती परका आणायचा?

इथं मात्र लोक दुसऱ्या टोकाला जातात. नात्यातलं वाईट ना, मग जेवढं लांबचं तेवढं चांगलं म्हणून कुणी नेल्लोरसारखा उंच मेंढा आणतो, कुणी माडग्याळ, कुणी कुठला विलायती संकर.

माझं मत साफ आहे. पहिली पसंती दख्खनीच, पण ५०-१०० किलोमीटर लांबच्या, वेगळ्या वाड्यातला. एवढ्यानं बहुतेकांचं काम भागतं, कारण बाप नात्यात नसला की कोकराचं इनब्रीडिंग एका झटक्यात शून्यावर येतं, आई कितीबी नात्यातली असो.

दुसऱ्या जातीचा संकर केला तर पहिल्या पिढीत जोम दिसतो, कोकरं जास्त जगतात, आणि खरा फायदा तर संकरित मादी आई झाल्यावर दिसतो. पण तो जोम पुढं टिकत नाही. संकरित नर संकरित मादीवरच सोडला की पुढच्या पिढीत त्यातला साधारण निम्मा गळून जातो, वर कोकरं रंगानं, अंगानं बारा भानगडींची निघतात. म्हणून संकरातून झालेला नर कितीबी देखणा असू द्या, पैदाशीला ठेवायचा नाही, खाटकाला द्यायचा.

शिवाय दख्खनी मेंढी दुष्काळात काटेकुटे खाऊन, रोज मैलोन्‌मैल चालून गाभण राहते, ही तिची कमाई आहे. तिच्यात पाणथळ रानातल्या नाहीतर थंड मुलुखातल्या जातीचं रक्त जास्त घातलं की अंग वाढतं पण अंगाला लागणारा चाराबी वाढतो. मग एप्रिलमध्ये तीच मेंढी माजावरच येत नाही. नात्यातलं भरवून जे नुकसान होत होतं तेच दुसऱ्या दारानं आत येतं.

सावधान: बारक्या दख्खनी मेंढीवर, त्यातबी पहिलारूवर, माडग्याळसारखा मोठ्या अंगाचा मेंढा सोडू नका. कोकरू अडतं. मोठ्या अंगाच्या, एक-दोन वेतं झालेल्या मेंढ्याच त्याला द्या.

विचार करून केलेला संकर कसा असतो ते फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णा मेंढीत बघायला मिळतं. बंगालच्या बुटक्या गारोळ मेंढीतला जुळं देणारा एक जनुक त्यांनी दख्खनीत आणला आणि पुढं परत परत दख्खनी-बाजूला वळवून अंग दख्खनीच्या जवळ ठेवलं. तसला मेंढा आणायचा असंल तर आधी स्वतःला विचारा, जुळ्यांना पुरंल एवढा चारा आणि दूध आहे का. फिरस्त्या वाड्यात जुळं म्हणजे कधी कधी आईच्या मागं दोन उपाशी कोकरं.

टप्पा ५: मेंढा हंगामाच्या दोन महिने आधी घरी

आपल्याकडं मेंढ्या मृगाच्या पावसानंतर, हिरवं तोंडाला लागलं की माजावर येतात. म्हणून लोक मेंढा जूनमध्ये आणतात. हे उशिराचं आहे! मेंढ्याच्या अंडात बीज तयार व्हायला सात आठवडे आणि बाहेर यायला आणखी दहा-बारा दिवस, म्हणजे साधारण दोन महिने लागतात. आज टेम्पोत उन्हात तापला, आज ताप आला, तर त्याचा मार पुढचे सहा-आठ आठवडे. जूनमध्ये आणलेला मेंढा चढतो, उतरतो, आणि मेंढ्या परत उलटतात.

म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मेंढा घरी. प्रवास रातचा. आल्यावर तीन-चार आठवडे कळपापासून लांब बांधा, पाण्याचं भांडंबी वेगळं. या काळात ब्रुसेलाची तपासणी, जंताचं औषध, गोचीड, खूर साळणं, आणि पीपीआर, आंत्रविषार, देवी या लसी डॉक्टरला विचारून. लसीनंबी ताप येतो, म्हणून तेबी एप्रिलमध्येच उरकायचं, जूनवर ढकलायचं नाही.

मग खुराक. मका किंवा ज्वारीचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड, मिळून २०० ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू ४००-५०० ग्रॅमपर्यंत, वर मिनरल मिक्श्चर. लोकर मेच्या आधी कातरा, अंडावरची तर नक्कीच. दुपारी पत्र्याखाली बांधू नका, लिंबाखाली बांधा. मेंढा लठ्ठबी नको, पाठीवर हात फिरवला की मणके हाताला लागावेत पण टोचू नयेत.

टप्पा ६: मेंढ्यांची निवड आणि तयारी

मेंढा तयार होतोय तोवर वही काढा. सलग दोन वर्षं खाली राहिलेली (गाभण न गेलेली), तीच ती खोड देणारी, एकाच बाजूला पान्हा उरलेली मेंढी काढून टाका. नव्या मेंढ्याला तिच्यावर वाया घालवण्यात अर्थ नाही.

सोडायच्या आधी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना रोज २००-२५० ग्रॅम भरडा, थोड्यापासून वाढवत (एकदम घातला तर पोट फुगून मरतात). हे खास करून हडकलेल्या मेंढ्यांना लागू पडतं, आधीच अंगात असलेल्यांना फार फरक पडत नाही.

आणि एक फुकटची युक्ती: मेंढा महिनाभर मेंढ्यांच्या नजरेआड, वास येणार नाही इतका लांब ठेवा आणि मग एकदम सोडा. परक्या नराच्या वासानं थांबलेल्या मेंढ्या माजावर यायला लागतात, आणि बऱ्याच एकाच वेळेला येतात. पहिला माज बहुतेक मुका असतो, दिसत नाही, खरी गर्दी १८ ते २५ दिवसांत होते. तेव्हा पहिल्या आठवड्यात मेंढा नुसता हुंगत फिरतोय म्हणून त्याला शिव्या देऊ नका.

टप्पा ७: सोडणं आणि रंग

एका जाणत्या मेंढ्यामागं २५ ते ३० मेंढ्या, दोन दाती पोराला १५ च्या वर नको. ६० मेंढ्या असतील तर दोन मेंढे, पण ते एकमेकांचे भाऊ नसावेत आणि एकाच कळपात एकदम सोडू नका. दोन गट करा, प्रत्येकाला आपला मेंढा, गट रातच्या वाड्यात वेगळे. दिवसा दोन्ही मेंढ्यांना बांधून ठेवायचं आणि फक्त रातभर आपापल्या गटात सोडायचं, हे सगळ्यात बरं. चराईला माणूस एकच असला तरी चालतं, आणि बाप कोण याचा घोळबी होत नाही.

मेंढ्याच्या छातीला रोज तेलात कालवलेला रंग लावा. भरवलेल्या मेंढीच्या पुठ्ठ्यावर डाग येतो. पहिले १५ दिवस गेरू, सोळाव्या दिवसापासून पिवडी (पिवळी माती). काळ्या मेंढीवर पिवडी उठून दिसते, गेरू जरा वाकून बघावा लागतो. चुना वापरू नका, कातडी भाजते.

तपासा: गेरूच्या डागावर पिवडीचा डाग किती मेंढ्यांवर आला ते मोजा, त्या परत माजावर आलेल्या, म्हणजे उलटलेल्या. गेरूवाल्यांतल्या चार-सहा उलटल्या तर ठीक. निम्म्याहून जास्त उलटल्या तर मेंढ्यात दोष आहे, आठवडाभर वाट बघत बसू नका, दुसरा नर (तोबी परकाच) आणा. ही मोजणी केली नाही तर हे डिसेंबरात कळतं, कोकरूच आलं नाही तेव्हा.

५१ दिवसांत मेंढीचे तीन माज होतात. तेवढं झालं की मेंढा काढून घ्या. वर्षभर आत ठेवला की कोकरं वर्षभर पसरून येतात, आणि लेकी कधी वयात आल्या ते कळायच्या आत बापानंच भरवलेल्या असतात.

टप्पा ८: व्यायल्यावर बघायचं काय

मेंढी साधारण १४७ ते १५० दिवसांनी विते, म्हणजे जूनच्या मध्याला सोडलं तर दिवाळीच्या आसपास. नाळेला टिंक्चर, दोन तासांच्या आत चीक पोटात, आणि ताणकाट्यावर वजन. दख्खनीचं कोकरू अडीच-तीन किलोचं असावं, दोन किलोच्या खालचं असंल तर त्याला पहिले तीन-चार दिवस आईजवळ वेगळं ठेवा.

आता ते मघाचं. पहिल्या वर्षी फरक दिसतो, पण अर्धा. कोकरं नात्यातली राहिली नाहीत हे खरं, पण त्यांच्या आया तर त्याच आहेत, कमी दुधाच्या. पूर्ण फरक या कोकरांतल्या माद्या व्यायल्यावर दिसतो, म्हणजे आणखी दोन-अडीच वर्षं. पहिल्या वर्षी निराश होऊन पुन्हा जुन्याच रक्ताचा एडका आणणारे मी बरेच बघितलेत. थांबा.

टप्पा ९: मेंढा कधी काढायचा, आणि पुढचा कुठून

मेंढा दोन हंगाम. समजा २०२६ च्या जूनमध्ये सोडला, लेकी दिवाळीला जन्मल्या. २०२७ च्या जूनमध्ये त्या सात-आठ महिन्यांच्या, यातल्या काही माजावर येऊ शकतात, म्हणून त्या हंगामापुरत्या त्यांना वेगळ्या ठेवायच्या. २०२८ च्या जूनमध्ये त्या भरवायच्या वयात असतात, त्याच्या आत हा मेंढा गेलाच पाहिजे. त्याचा मुलगा ठेवायचा नाही, कितीबी वाटलं तरी.

दर दोन वर्षांनी विकत आणणं महाग पडतं, त्याला उपाय म्हणजे चार कळपांचा फेरा. वेगवेगळ्या गावचे, मूळ रक्त वेगळं असलेले चार जण ठरवा. पहिल्याचे निवडलेले नर दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, तिसऱ्याचे चौथ्याला, चौथ्याचे पहिल्याला. माद्या कधीच हलवायच्या नाहीत, आणि दिशा कधीच उलटी करायची नाही. तिघांतबी चालतं, पण आपलंच रक्त लवकर फिरून परत येतं. काही वर्षांनी कुणीतरी एकानं पूर्ण बाहेरचा मेंढा आणायचा आणि खर्च चौघांनी वाटून घ्यायचा.

फेरा मोडतो तो पैशावरून नाही, निवडीवरून. प्रत्येकाला आपला चांगला नर ईदला विकायचा असतो आणि उरलेला फेऱ्यात द्यायचा असतो. म्हणून नर निवडायचा हक्क घेणाऱ्याला द्या, देणाऱ्याला नको, आणि निवड दूध तोडतानाच करून त्याच दिवशी त्याच्या गळ्यात दोरी घाला. कोणी मधेच सोडून गेला तर त्याच्या जागी नवा माणूस घ्या, उरलेल्यांनी घाईत दिशा बदलून आपसात नर फिरवू नका. आणि नर पोचवताना टप्पा ५ मधली तीन-चार आठवड्यांची फारकत आणि ब्रुसेलाची तपासणी ओळखीतल्या माणसालाबी माफ नाही, नाहीतर एकाच्या कळपातलं दुखणं चौघांच्या वाड्यात जातं.